कोंबडी शिटते कुठे

कोंबडीच्या शिटेवर जो पांढरा लपका दिसतो, ती तिची लघवी असते. कोंबडीला मूत्राशय नसतो. शरीरातला टाकाऊ नत्र ती युरिक आम्लाच्या दाट पांढऱ्या लगद्याच्या रूपात बाहेर टाकते आणि तो विष्ठेबरोबर एकाच वाटेने पडतो. गाईचे शेण पाटीत भरता येते, गोमूत्र जमिनीत मुरते; कोंबडीचे दोन्ही एकत्र, थोडे थोडे आणि चालता चालता. पूर्ण वाढलेली कोंबडी दिवसाला शंभर ग्रॅमच्या आसपास ओली शीट टाकते, खाण्याप्रमाणे थोडी कमीजास्त, आणि त्यात जवळजवळ तीन चतुर्थांश पाणी असते. दहा-बारा कोंबड्यांच्या घरात रोज किलोभर. एका गाईच्या शेणापुढे हे काहीच नाही. तरी गाईवरून घरात भांडण होत नाही, कोंबडीवरून होते, कारण गाय दावणीला असते आणि कोंबडी पडवीत.

या भांडणातल्या दोन्ही बाजू समजून घेण्यासाठी लांजा-राजापूर भागातले एक घर कल्पावे. जांभ्या चिऱ्याचे, कौलारू, पुढे खळे, मागे परसू, आणि पडवीला हल्लीच बसवलेली लादी. घरात दोन जावा. थोरलीच्या बारा कोंबड्या आणि एक कोंबडा उजाडताना खुराड्यातून सुटतात आणि दिवेलागणीला परततात. धाकटी वीस वर्षे मुंबईत काढून आता कायमची गावी आली आहे. लादी तिच्याच आग्रहाने बसली.

"वहिनी, सकाळपासून तीनदा पडवी पुसली," धाकटी म्हणते. "जाळी मारून टाका एकदाची. पोल्ट्रीवाले नाही ठेवत कोंडून?"

"पोल्ट्रीवाला गोणींनी खाद्य आणतो गो. मी मूठभर कणी टाकते, बाकीचं त्या आपलं आपण शोधतात. कोंडल्यावर तेवढा दाणा कोण घालणार?"

थोरलीचा हिशेब साधा आणि बरोबर आहे. मोकळी कोंबडी किडे, गांडुळे, वाळवी, गवताचे बी, घरातले उष्टे-खरकटे यांवर बराचसा गुजारा करते. कोंडली की तिचा प्रत्येक घास विकतचा होतो. 2019 च्या पशुगणनेत देशातले परसातले पक्षी सुमारे 31.7 कोटी भरले, 2012 च्या तुलनेत जवळजवळ 46 टक्क्यांनी जास्त. तेव्हा ही चाल म्हाताऱ्या माणसांबरोबर संपत आली आहे, असे धाकटीला वाटत असले तरी आकडे तसे म्हणत नाहीत. धाकटीचेही खोटे नाही. सारवलेल्या अंगणात पडलेली शीट दुसऱ्या दिवशी मातीत मिसळून जाते, पुढच्या सारवणात गडप होते. लादीवर ती तशीच दिसते, आणि अनवाणी पायाला लागते. घर बदलले, कोंबडी बदलली नाही.

वाद मिटवायचा तर आधी एक गोष्ट तपासावी लागते: ही किलोभर शीट पडते कुठे, आणि कधी. दोघींनाही याचे नेमके उत्तर देता येत नाही. थोरली म्हणते, "सगळीकडे." धाकटी म्हणते, "पडवीत."

खरे उत्तर असे की तिचा मोठा वाटा रात्री पडतो. कोंबडीचा मुख्य पूर्वज तांबडा रानकोंबडा. सह्याद्रीत आरवतो तो करडा रानकोंबडा त्याचा भाऊबंद. (घरच्या अनेक कोंबड्यांचे पिवळे पाय या करड्याकडून आले असावेत, असे 2008 मधल्या जनुकीय अभ्यासात दिसले.) हे पक्षी रात्री फांदीवर बसून झोपतात आणि घरच्या कोंबडीनेही ती सवय सोडलेली नाही. अंधार पडला की तिला उंचावर, पायाच्या पकडीत मावेल असा दांडा हवा असतो. एकदा बसली की दहा-बारा तास ती तिथून हलत नाही, पण पोट चालूच असते. रात्रभराची शीट दांड्याखाली एका ओळीत पडते. एवढी शीट एका जागी, न शोधता, रोज मिळण्याची सोय दिवसा कुठेच नसते. दांड्याखाली जुना पत्रा किंवा फळी टाकली, तिच्यावर भाताचे तूस किंवा राख पसरली, आणि सकाळी ती घमेल्यात खरवडून घेतली, की पाच मिनिटांत दिवसाच्या कामाचा मोठा भाग उरकतो. दांडा दर कोंबडीला वीतभर तरी मिळेल एवढा लांब असावा आणि सगळे दांडे एकाच उंचीवर असावेत. नाहीतर सगळ्यात वरच्या दांड्यासाठी मारामारी होते आणि खालच्यांच्या पाठीवर वरच्यांची शीट पडते.

"खुराड्यात दांडा आहे की," थोरली म्हणते.

"आहे, पण तुमच्या तीन कोंबड्या त्याच्यावर बसत नाहीत. एक गोठ्याच्या वाशावर असते, आणि दोघी गाडीवर. सकाळी सीट पुसूनच हे बाहेर पडतात."

त्या तिघी खुराड्यात का जात नाहीत, याची कारणे बहुधा दोनच असतात: आत जागा कमी, किंवा आत वास. पेंढ्यावर आणि वैरणीवर पडलेली शीट गुरांच्या पोटात जाते, म्हणून गोठ्यात बसणारी कोंबडी गाडीवर बसणारीपेक्षा जास्त त्रासाची. धाकटीचा राग मात्र साहजिकच गाडीवरच्या दोघींवर आहे. अशा कोंबडीला अंधार पडल्यावर उचलून खुराड्यातल्या दांड्यावर ठेवायचे आणि दार लावायचे. काळोखात तिला दिसत नाही, ती विरोध करत नाही. आठ-दहा रात्री न चुकता हे केले की बहुतेक कोंबड्या आपल्या पायांनी आत जाऊ लागतात.

उरली दिवसाची शीट. मोकळी कोंबडी दिवसभर चार गोष्टींमागे असते: खाणे, सावली, धूळ आणि जिथून खाणे येते ते माणूस. या चारही गोष्टी कोकणातल्या घरात पडवीतच एकत्र येतात.

"तुम्ही तांदूळ निवडता कुठे?" धाकटी विचारते.

"पडवीत. उजेड असतो."

"आणि कणी टाकता कुठे?"

थोरली सुपाकडे बघते. "मग काय, कणी टाकायला परसवात जाऊ?"

जावे, हेच उत्तर आहे. कोंबडीला घड्याळ कळत नसले तरी हाक आणि जागा कळते. परसवात फणसाखाली, घरापासून पंधरा-वीस पावलांवर, सकाळी आणि संध्याकाळी ठरल्या वेळी "तीऽ तीऽ" करून कणी टाकली आणि पडवीत एक दाणाही पडू दिला नाही, तर थोड्याच दिवसांत कोंबड्या फणसाखाली वाट बघू लागतात. ज्या जागी वाट बघतात त्याच जागी शिटतात. ही शिस्त मोडते ती मोरीवर. भांडी घासायच्या जागी ताटाला चिकटलेली शिते पडतात, तिथे पाणीही असते, आणि दुपारभर कोंबड्या तिथेच घोटाळतात. खरकटे एका डब्यात काढून तो डबा फणसाखाली रिकामा करणे हे कंटाळवाणे काम आहे, पण पडवी पुसण्यापेक्षा कमी कंटाळवाणे. पिण्याचे पाणीही फणसाखालीच ठेवावे.

धुळीचे बघायला हवे. कोंबडी कोरड्या मातीत खड्डा करून लोळते, पंखांत धूळ भरून घेते आणि झटकते. त्याने अंगावरच्या उवा आणि किडे कमी होतात. तिला कोरडी माती मिळेल तिथे ती लोळणारच. पावसाळ्यात घराभोवती कोरडी माती फक्त एकाच ठिकाणी राहते: वळचणीखाली, पडवीच्या कडेला. म्हणून जूनपासून कोंबड्या पडवीला चिकटतात आणि माणसांना वाटते त्या पावसाला भितात. परसवात झापांचा छोटा आडोसा करून त्याखाली जुन्या टायरमध्ये बारीक माती आणि चुलीतली चाळलेली राख मिसळून भरली, तर लोळायची जागा हलवता येते. फक्त टायरात पाणी शिरू देऊ नये.

एवढे करूनही पडवीत शीट पडतेच, आणि ती काढण्याबद्दल दोघींची पद्धत उलट. धाकटी ओल्या फडक्याने पुसते. थोरली चिमूटभर राख टाकून निघून जाते, आणि थोड्या वेळाने येऊन करवंटीच्या तुकड्याने ती खपली उचलते. इथे थोरलीची पद्धत चांगली आहे. ओली शीट फडक्याने पुसली की हाताएवढी जागा ताटाएवढी होते आणि फडके दुसऱ्या जागी तीच घाण नेते. राखेने पाणी शोषले जाते, शीट आकसते आणि अखंड निघते. खाली राहिलेला डाग मग पाण्याने पुसावा. जांभ्याच्या चिऱ्यावर मात्र घाई करावी लागते, कारण त्या दगडाला छिद्रे असतात आणि युरिक आम्लाचा पांढरा डाग त्यांत बसतो. कपड्यावर पडली तर वाळू द्यावी आणि मग झटकावी.

अधूनमधून एखादी शीट वेगळीच असते: तपकिरी, चिकट, काकवीसारखी, आणि दुर्गंध असह्य. नव्याने कोंबड्या पाळणारा घाबरतो. ती आजाराची खूण नाही. कोंबडीच्या आतड्याला दोन अंधनाल असतात, त्यांत अन्न आंबते, आणि साधारण दर आठ-दहा शिटांमागे एकदा ते रिकामे होतात. रक्त दिसले तर मात्र दुर्लक्ष करू नये. पिल्लांच्या शिटेत रक्त म्हणजे बहुधा रक्ती हगवण; तिचे जंतू शिटेतून पडतात आणि ओल व ऊब मिळाली की एक-दोन दिवसांत लागण करण्याजोगे होतात. कोरड्या जागी त्यांची वाढ खुंटते. राखेचा आणि तुसाचा सगळा खटाटोप डोळ्यांना बरे दिसावे म्हणून नसतो, तो यासाठीही असतो.

आरोग्याचा मुद्दा धाकटीचा सर्वांत भक्कम आहे आणि थोरली तो हसण्यावारी नेते: "आमची पोरं याच अंगणात रांगली." रांगली, खरे. पण निरोगी दिसणाऱ्या कोंबडीच्या शिटेतही साल्मोनेला असू शकतो आणि पाच वर्षांखालच्या मुलांना त्याचा त्रास जास्त होतो. उपाय किचकट नाहीत: कोंबडी किंवा खुराडे हाताळल्यावर साबणाने हात धुणे, खुराड्यात जायच्या चपला वेगळ्या ठेवणे, रांगते मूल असेल तिथे कोंबडी न येऊ देणे, आणि वाळलेली शीट झाडताना आधी पाणी शिंपडणे, म्हणजे धूळ नाकात जात नाही. शीट लागलेले अंडे साठवायचे असेल तर लगेच धुऊ नये. कवचावरचा पातळ संरक्षक थर निघून जातो. कोरड्या फडक्याने पुसून ठेवावे आणि वापरताना धुवावे. फेब्रुवारी 2006 मध्ये भारतातला पहिला बर्ड फ्लू नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापुरात निघाला, तेव्हा पोल्ट्रीच्या पक्ष्यांबरोबर घरोघरच्या कोंबड्याही माराव्या लागल्या. एकदम चार-पाच कोंबड्या मेल्या तर त्या पुरून गप्प न बसता पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे, ही सवय तिथून घ्यायची.

"पण मोकळी कोंबडी असली की विंचू-साप जवळ येत नाहीत, हे तरी मान," थोरली म्हणते.

अर्धे मानता येईल. कोंबडी विंचू, गोम, किडे टिपते, लहानसे सापाचे पिल्लूही चोचीने मारते. मात्र आडोशाला घातलेली अंडी आणि पिल्ले धामणीला, नागाला, मुंगसाला बोलावतात. लाकडांच्या चळतीत अंडी घालणारी कोंबडी घराजवळ जे आणते ते शिटेपेक्षा वाईट असू शकते.

यातूनच एक मधली वाट निघते, आणि ती दोघींपैकी कुणालाच आधी सुचलेली नसते. कोंबड्या बहुतेक अंडी दुपारच्या आत घालतात. त्यांना उजाडताच न सोडता अकराच्या सुमाराला सोडले तर अंडी खुराड्यातल्या पेंढ्यात मिळतात, आणि सकाळची, म्हणजे अंगण झाडून-सारवून झाल्यावरची शीट आतच पडते. संध्याकाळी लवकर, उन्हे कलल्यावर, कणी दाखवून आत घ्यायचे. थोरलीला हे पटत नाही. "अकरापर्यंत पोटात काय त्यांच्या?" तिचा प्रश्न रास्त आहे, आत पाणी, मूठभर दाणा आणि थोडा पाला ठेवावाच लागतो. पण तेवढ्या दाण्याच्या खर्चातून सापडलेल्या अंड्यांचे पैसे वजा केले तर तोटा होत नाही.

कायम कोंडण्याचा धाकटीचा आग्रह मात्र चालणारा नाही. लहानशा जाळीत बारा कोंबड्या वर्षभर ठेवल्या तर थोड्याच दिवसांत आतले गवत संपते, जमीन उकरून उघडी पडते, पहिल्या पावसात तिचा चिखल होतो आणि वास पडवीपर्यंत येतो. कंटाळलेल्या कोंबड्या एकमेकींची पिसे उपटतात. बाहेरच्या जाळीत दर कोंबडीला किमान दहा चौरस फूट आणि शक्य असेल तर दोन वाफे, एकाला विश्रांती देऊन दुसरा वापरायचा, असे केले तरच जाळीला अर्थ आहे. एवढी सपाट जागा उतारावरच्या घरांना कुठली?

चार महिने मात्र धाकटीचेच खरे. रत्नागिरीकडे मोसमात तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. त्या दिवसांत मोकळ्या कोंबडीचे पाय चिखलाचे, शीट पातळ, आणि कोरडी जागा एकच. तेव्हा खुराड्याला जोडून झापांचे किंवा पत्र्याचे छप्पर घालून, खाली तीन-चार इंच भाताचे तूस पसरून त्यांना तिथेच ठेवावे. दर कोंबडीला आत दोन चौरस फूट तरी जागा हवी. तूस आठवड्यातून दोनदा खाली-वर करावे, ओले झालेले काढून नवे टाकावे. वास तपासायची रीत अशी: वाकून, नाक कोंबडीच्या उंचीवर नेऊन श्वास घ्यायचा. डोळ्यांना झोंबले तर तूस बदलायची वेळ होऊन गेली आहे. उभ्या माणसाला वास येतो तोवर कोंबड्यांना बराच त्रास झालेला असतो. माश्यांचेही गणित इथेच आहे. उबदार हवेत माशीच्या अंड्यापासून माशी व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात. ओली शीट त्याआधी हलवली की साखळी तुटते.

गोळा केलेल्या शिटेचे काय करायचे, यावर दोघींचे एकमत आहे: माडाला घालायची. पण ताजी नाही. शेणखताच्या कितीतरी पट नत्र असलेली ही शीट ताजी घातली तर मुळे करपतात. गावात म्हणतात तसे ती उष्ण पडते. तिच्यात कर्ब कमी आणि नत्र फार, आणि कोकणात पडलेला पातेरा याच्या नेमका उलट. एक घमेले शीट आणि तीन घमेली पातेरा, असे थर देऊन, ओलसर ठेवून, दर पंधरा दिवसांनी हलवले तर दोन-तीन महिन्यांत काळे, मातीच्या वासाचे खत होते. त्यासाठी राबात जाळायचा थोडा पातेरा बाजूला ठेवावा लागेल. ढीग विहिरीच्या वरच्या अंगाला करू नये. आणि थोरलीची एक सवय इथे बदलायला हवी: ती चुलीची सगळी राख या ढिगावर ओतते. राख क्षारधर्मी असते. तिच्यामुळे नत्र अमोनिया होऊन उडून जातो. ढिगापाशी नाकाला झोंबणारा वास येतो, तो म्हणजे माडाचे जेवण हवेत जाताना येणारा वास.

उकरण्याचा उपद्रव शिटेहून वेगळा आणि एका अर्थी जास्त खर्चिक. मिरचीचा तरवा, नुकती रुजलेली चवळी कोंबडी पाच मिनिटांत उलटीपालटी करते. तिथे करवंदीच्या काटेरी फांद्या पसराव्यात, किंवा रोपाभोवती चिऱ्याचे तुकडे लावावेत. कोंबडी दगड उकरत नाही. माडाच्या आळ्यात ती उकरते ते चालते, तण आणि अळ्या जातात. शेजारणीच्या आळ्यात मात्र चालत नाही. गडगा चार फुटांचा असेल तर हलकी गावठी कोंबडी तो सहज ओलांडते. एका बाजूच्या पंखाची पहिली दहा मोठी पिसे कातरली की तोल जातो आणि उडी जमत नाही. पिसे झडून नवी येईपर्यंत हे पुरते. दोन्ही पंख कातरू नयेत, कारण मग तोल सांभाळून ती पुन्हा उडायला शिकते.

"शिमग्याला पालखी येते त्या दिवशी तुम्ही स्वतःच सगळ्यांना कोंडता," धाकटी आठवण करून देते. "तेव्हा नाही त्यांच्या पोटाची काळजी?"

"तेव्हा देव येतो दारात," थोरली म्हणते, आणि मग, थोड्या वेळाने, "दुपारपर्यंत ठेवून बघते. पण हा कोंबडा कोंडून राहायचा नाही. तो कठड्यावरच बसतो."

त्याचा एक पंख कातरला जातो. दुसऱ्या दिवशी तो कठड्यावर उडत नाही. पडवीच्या तीन पायऱ्या चढून येतो आणि लादीच्या बरोबर मध्यावर उभा राहून आरवतो. पायरीला गुडघाभर उंचीचे, कामट्यांचे फाटक लागते. कडी दोन्ही बाजूंनी निघेल अशी असावी, नाहीतर डोक्यावर पाण्याची कळशी घेऊन येणारीला ती उघडता येत नाही.